शाळांचे संगणक लिनक्सवर नेताना क्रम चुकवू नका : संस्थाचालक आणि मुख्याध्यापकांना खुले पत्र

प्रति,
शिक्षणसंस्थांचे पदाधिकारी, शाळा व्यवस्थापन समित्यांचे सदस्य आणि मुख्याध्यापक यांस,

सप्रेम नमस्कार.

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०ची मोफत सुरक्षा अपडेट्स नेहमीच्या मुदतीप्रमाणे बंद झाली, आणि तेव्हापासून ठिकठिकाणी शाळेच्या सभेत संगणक कक्षाचा विषय निघतो आहे. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि प्रोसेसरही अलीकडचा लागतो. इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा, म्हणजे २०१७ नंतरचा. आपल्या कितीतरी कक्षांतले संगणक त्याआधीचे आहेत. कुणी सरकारच्या आयसीटी योजनेतून आलेले, कुणी माजी विद्यार्थ्यांनी दिलेले, कुणी एखाद्या बँकेने शाखा नवी करताना देऊन टाकलेले. चालू आहेत, पण विंडोज ११ घेत नाहीत. नवे घ्यायला वेतनेतर अनुदान पुरत नाही. मग सभेत कुणीतरी म्हणते, "लिनक्स टाकू, फुकट आहे." लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम. ठराव होतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत एखादा जाणकार तरुण येतो, सगळ्या हार्ड डिस्क पुसून नवी प्रणाली टाकून जातो. जूनमध्ये पहिला पालक शाळा सोडल्याचा दाखला मागायला खिडकीशी उभा राहतो आणि लिपिकाला दाखल्याची फाइलच वाचता येत नाही.

हे पत्र लिनक्सच्या विरोधात नाही. शाळांचे संगणक कक्ष उभे करणे आणि चालते ठेवणे हेच माझे काम आहे. ज्या यंत्रावर विंडोज १० धापा टाकत चालते, त्यावर लिनक्स मिंटची हलकी आवृत्ती चांगली पळते, हे मी रोज पाहतो. शाळांनी लिनक्सवर जावे असेच मला मनापासून वाटते, आणि म्हणूनच हा बदल घाईत होऊन बदनाम होऊ नये अशी तळमळ आहे. आपल्याकडे एकच मागणी आहे : ऑपरेटिंग सिस्टिम सर्वांत शेवटी बदला. आधी फाइली, मग रोज वापरायची सॉफ्टवेअर, मग माणसांचा हात बसू द्या. यंत्र पुसायचे ते त्यानंतर.

फाइलींपासून सुरुवात का, ते जरा सविस्तर सांगतो. सभेत या गोष्टीचा उल्लेखही होत नाही आणि खरी अडचण तिथेच असते.

आपल्या शाळांच्या कार्यालयांत गेल्या पंचवीस-तीस वर्षांचा मराठी मजकूर साठला आहे. दाखले, बोनाफाईड, जनरल रजिस्टरच्या याद्या, निकालपत्रके, सेवाज्येष्ठता याद्या, बिंदुनामावली, सभांची इतिवृत्ते, संस्थेची घटना. यातला मोठा भाग कृतिदेव, शिवाजी, श्रीलिपीचे फाँट किंवा आयएसएम या टायपिंग सॉफ्टवेअरमधले सुरेख आणि योगेश यांत टाइप केलेला आहे. हे फाँट आले तेव्हा संगणकाला देवनागरी येत नव्हती, म्हणून त्यांनी इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवले. कृतिदेवात 'मराठी' असे लिहिले की पडद्यावर मराठी दिसते, पण फाइलीत मात्र ई, जे, के, बी, एच अशी पाच इंग्रजी अक्षरे जाऊन बसतात. फाँट आहे तोवर कुणाला काही कळत नाही. फाँट नसलेल्या संगणकावर तीच फाइल उघडली की इंग्रजी अक्षरांचा अर्थहीन ढीग दिसतो. प्रत्येक फाँटची मांडणीही वेगळी, त्यामुळे श्रीलिपीतली फाइल कृतिदेव लावून वाचता येत नाही.

फाँटची फाइल लिनक्सवर नेऊन ठेवता येते, आणि मग जुना मजकूर निदान वाचता येतो. पण तो मजकूर ज्या सॉफ्टवेअरमधून टाइप होत होता, जे डोंगल (परवान्याची छोटी यूएसबी कळ) लावून चालते, ते विंडोजसाठी बनलेले आहे. म्हणजे जुने वाचता येईल, त्याच पद्धतीने नवे लिहिता येणार नाही. अर्धा दस्तऐवज जुन्या फाँटात आणि अर्धा युनिकोडमध्ये (म्हणजे देवनागरी अक्षरे देवनागरी म्हणूनच साठवणाऱ्या, सगळीकडे चालणाऱ्या पद्धतीत), अशी अवस्था आली की लिपिकाचे हाल सुरू होतात.

म्हणून आधी रूपांतर, आणि तेही आहे त्याच विंडोजवर. विंडोजमध्ये युनिकोड देवनागरीची सोय विंडोज २०००पासून आहे. या कामासाठी कोणत्याही नव्या यंत्राची वा नव्या प्रणालीची वाट पाहायची गरज नाही. जुन्या फाँटांचा मजकूर युनिकोडमध्ये नेणारे कन्व्हर्टर मिळतात. मात्र त्यांच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. रफार, पहिली वेलांटी आणि जोडाक्षरे इथे ते हमखास अडखळतात. मराठीचा खास 'ऱ्ह' आणि 'ऱ्य' यांत तर फारच. कुऱ्हाडे आडनाव रूपांतरात 'कुर्हाडे' झाले, तर कागदावर ती बारीकशी चूक वाटेल. पण पुढच्या वर्षी लिपिक त्या मुलाचे नाव शोधेल तेव्हा ते यादीत सापडणार नाही. दाखल्यावरचे नाव हा त्या मुलाच्या आयुष्यभराचा पुरावा असतो. नावांच्या याद्या रूपांतरानंतर मूळ रजिस्टरशी एका माणसाने वाचून आणि दुसऱ्याने ताडून पाहिल्याच पाहिजेत. हे काम कंटाळवाणे आहे, वेळखाऊ आहे, आणि त्यासाठी लिपिकाला इतर कामांतून मोकळीक द्यावी लागेल. ती देणे आपल्याच हातात आहे.

सगळेच रूपांतरित करायचे असेही नाही. १९९८ सालच्या स्नेहसंमेलनाची निमंत्रणपत्रिका पीडीएफ करून ठेवली तरी पुरे. जिथे पुन्हा शोधावे लागते, दुरुस्त करावे लागते, तेवढेच युनिकोडमध्ये आणा. या कामाचा फायदा लिनक्सवर गेला नाहीत तरी मिळतो, हे सभेत जरूर सांगा. युनिकोडमधली यादी मराठी अक्षरक्रमाने लावता येते, नावाने शोधता येते, पोर्टलवर जशीच्या तशी चिकटवता येते. जुन्या फाँटातली यादी यातले काहीच करू देत नाही, कारण संगणकाच्या लेखी ती मराठी नसतेच.

फाइलींच्या पाठोपाठ बोटांचा प्रश्न येतो. आपले बरेच लिपिक रेमिंग्टनवर, म्हणजे जुन्या टाइपरायटरच्या मांडणीच्या कीबोर्डवर, टायपिंगची परीक्षा देऊन आलेले आहेत. न बघता टाइप करणारा माणूस वेगळ्या कीबोर्डवर बसवला की त्याचा वेग एकदम पडतो, आणि सोबत त्याचा आत्मविश्वासही. इनस्क्रिप्ट हा कीबोर्ड विंडोज आणि लिनक्स दोन्हींत आयता असतो आणि दोन्हींकडे अक्षरांच्या जागा त्याच असतात. विंडोजवरच इनस्क्रिप्ट शिकलेला माणूस लिनक्सवर पहिल्या दिवशीच मराठी लिहू लागतो. इतकेच काय, इंग्रजीतून मराठीत जायची कळही बहुधा तीच : खिडकीचे चिन्ह असलेली कळ आणि स्पेसबार. ज्यांना रेमिंग्टन सोडणे खरोखर जड जाईल, विशेषतः निवृत्तीला आलेले कर्मचारी, त्यांना छळू नका. त्यांच्यासाठी रेमिंग्टनच्या मांडणीचा युनिकोड कीबोर्ड नव्या प्रणालीत बसतो का आणि सगळी जोडाक्षरे त्याच जागी उमटतात का, हे त्यांनाच बसवून आधी तपासून घ्या.

मग सॉफ्टवेअर. वर्ड-एक्सेलच्या जागी लिब्रेऑफिस, ब्राउझर म्हणून फायरफॉक्स, व्हिडिओसाठी व्हीएलसी आणि चित्रांसाठी गिंप, ही चारही विंडोजवर मोफत चालतात. ती आजच टाका. वर्षभर प्रश्नपत्रिका, वेळापत्रके, निकाल लिब्रेऑफिसमध्ये होऊ द्या. फायरफॉक्स आणि लिब्रेऑफिस मराठीतूनही मिळतात. ज्या शिक्षकांना इंग्रजी मेनू परका वाटतो त्यांना ते दाखवा. या वर्षात कळेल की कुठल्या एक्सेल फाइलीत मॅक्रो (आपोआप काम करणाऱ्या सूचना) आहेत आणि त्या नीट चालत नाहीत, कुठल्या पत्राचा तक्ता मोडतो, गावातल्या झेरॉक्सवाल्याकडे फाइल नेली की तिथल्या वर्डमध्ये ओळी कशा सरकतात. छापायला द्यायची फाइल नेहमी पीडीएफ करून द्यायची, एवढी एक सवय लागली तरी निम्म्या तक्रारी संपतात. ज्या प्रेसमधून आपण प्रश्नपत्रिका छापून घेता तिथे अजून जुन्या फाँटाची फाइल मागत असतील, तर त्यांच्याशीही आधी बोलून घ्या. फाँट आत बसवलेली पीडीएफ त्यांना चालते का, ते एक पान छापून पाहिले की कळेल.

हा क्रम मी मनाने ठरवलेला नाही. फ्रान्सच्या जांदार्मरी या पोलिस दलाने २००५मध्ये आधी फक्त ऑफिस सॉफ्टवेअर बदलले आणि ओपनऑफिस घेतले, मग ब्राउझर आणि ईमेलसाठी फायरफॉक्स आणि थंडरबर्ड आणले, आणि उबुंटू लिनक्सकडे वळायला सुरुवात केली ती २००८मध्ये. तोवर जवानांच्या रोजच्या हाताखालची सॉफ्टवेअर तीच झाली होती, फक्त खालची प्रणाली बदलली. तो बदल टिकला. जर्मनीतल्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने २०२४मध्ये सुमारे ३०,००० सरकारी संगणकांबाबत असाच निर्णय घेतला, तेव्हा त्यांनीही सुरुवात लिब्रेऑफिसपासून केली.

म्युनिक शहराची गोष्ट यापेक्षा कठीण आहे आणि आपण ती जरूर वाचावी. तिथल्या नगरपालिकेने २००३मध्ये लिनक्सचा निर्णय घेतला, तेव्हा मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बाल्मर स्वतः महापौरांना भेटायला गेले होते. काम २०१३मध्ये संपले आणि सुमारे १५,००० संगणक लिनक्सवर आले. दहा वर्षे लागली, कारण प्रत्येक विभागाचे पत्रांचे नमुने आणि मॅक्रो वेगवेगळे होते. ते सांभाळायला नगरपालिकेला वोलमक्स नावाचे स्वतःचे सॉफ्टवेअर लिहावे लागले. एवढे होऊनही २०१७मध्ये नगरसभेने विंडोजकडे परतण्याचा ठराव केला. यामागे राजकारण किती आणि तांत्रिक कारणे किती यावर आजही वाद आहेत. मी त्यातून एवढेच घेतो की लोकांच्या मनातली कुरबूर वर्षानुवर्षे ऐकली गेली नाही, तर झालेले कामही उलटवता येते.

आणि आपल्याच देशातले केरळ. तिथल्या आयटी@स्कूल प्रकल्पाने २०००च्या दशकातच सरकारी आणि अनुदानित शाळा लिनक्सवर नेल्या. आज त्याच प्रकल्पाची पुढची संस्था 'काइट' शाळांसाठी उबुंटूवर आधारलेली स्वतःची आवृत्ती तयार करते. पाठ्यपुस्तकात ज्या सॉफ्टवेअरचा धडा आहे ते सॉफ्टवेअर त्या आवृत्तीत आधीच बसवलेले असते, मल्याळम टायपिंगची सोय आत असते, आणि शिक्षकांना प्रशिक्षण देण्याची सरकारी यंत्रणा पाठीशी असते. आपल्याकडे एकेका शाळेच्या मागे अशी यंत्रणा नाही. म्हणून केरळने जमवले तर आपणही एका सुट्टीत जमवू, असे कृपया म्हणू नका. ज्यांच्या पाच-दहा शाळा आहेत अशा संस्थांनी मात्र हे काम एकत्र करावे. एकच आवृत्ती निवडावी, प्रत्येक शाळेतून एक शिक्षक तयार करावा, आणि अडचण आली की त्या शिक्षकांनी एकमेकांना फोन करावा.

शिक्षक तयार करणे म्हणजे एका दिवसाचे शिबिर घेऊन हजेरीपटावर सह्या घेणे नव्हे. नव्या प्रणालीवर माणूस अडतो तो अगदी लहान गोष्टींत. सी ड्राइव्ह आणि डी ड्राइव्ह दिसत नाहीत, मग निकाल ठेवला कुठे? इंटरनेटवरून उतरवलेली ईएक्सई फाइल दोनदा क्लिक करूनही चालत नाही, कारण लिनक्समध्ये सॉफ्टवेअर बहुधा सॉफ्टवेअर मॅनेजरमधून घ्यायचे असते. फाइलीच्या इंग्रजी नावातले मोठे आणि लहान अक्षर वेगळे धरले जाते, त्यामुळे एकाच नावाच्या दोन फाइली शेजारी शेजारी बसतात आणि कुठली खरी ते कळत नाही. काही फाँट, भाषा मराठी निवडली नसेल तर, 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे दाखवतात आणि मराठीच्या बाई नाराज होतात. त्यांची नाराजी रास्तच आहे, मुलांनी वहीत गिरवलेले अक्षर पडद्यावर तसेच दिसायला हवे. यातली प्रत्येक गोष्ट दोन मिनिटांत सांगता येते, पण ती अडते त्या क्षणी सांगणारे कुणी जवळ हवे. पहिले तीन-चार महिने शाळेत असा एक माणूस असू द्या आणि त्याच्या तासिका तेवढ्या कमी करा.

काही यंत्रे विंडोजवरच राहू द्या. शाळेचे किंवा पतपेढीचे हिशेब टॅलीत असतील तर ते सॉफ्टवेअर विंडोजसाठीचे आहे. डिजिटल सहीचे टोकन, बायोमेट्रिक हजेरीचे यंत्र, जुना स्कॅनर, या प्रत्येकाचा लिनक्ससाठीचा ड्रायव्हर (ते यंत्र संगणकाशी जोडणारे सॉफ्टवेअर) आहे की नाही ते आधी पाहावे लागते. काही जुने लेझर प्रिंटर फक्त कंपनीच्या स्वतःच्या ड्रायव्हरवर चालतात आणि लिनक्सवर फार त्रास देतात, काही मात्र लावताक्षणी चालू होतात. हे सगळे कळायला काहीही पुसावे लागत नाही. लिनक्सच्या बहुतेक आवृत्त्या पेनड्राइव्हवरून चालवून पाहता येतात. हार्ड डिस्कला हातही लागत नाही. कार्यालयातल्या संगणकाला असा पेनड्राइव्ह लावा, प्रिंटर जोडा, वायफाय जोडा, एक बोनाफाईड छापून पाहा. यू-डायस, सरल यांसारखी सरकारी पोर्टलवरची कामे ब्राउझरमधून होतात, तीही त्याच बैठकीत उघडून पाहा.

पालक विचारतात, आणि काही संस्थाचालकही, की बाहेर सगळीकडे विंडोज असताना मुलांनी लिनक्स शिकून काय करायचे. ही काळजी खरी आहे, तिला उत्तर दिले पाहिजे. नववीतल्या मुलाला आज जी विंडोज दिसते ती तो नोकरीला लागेपर्यंत तशी राहणार नाही. त्याला फोल्डर कसे लावायचे, तक्त्यात सूत्र कसे घालायचे, मराठीतून न चुकता कसे लिहायचे, चांगला पासवर्ड कसा ठेवायचा हे आले, तर तो कुठल्याही प्रणालीवर बसेल. त्याच्या घरातल्या अँड्रॉइड फोनच्या गाभ्याशीही लिनक्सच आहे. आणि दोन्ही प्रणाली पाहिलेले मूल एकच पाहिलेल्या मुलापेक्षा बिचकणार कमी. तरीही कक्षात एक-दोन संगणक विंडोजचे ठेवता आले तर ठेवा.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. अनेक शाळांतल्या विंडोजला परवाना नाही, हे आपण सगळे जाणतो. शाळेने मुलांसमोर चोरीचे सॉफ्टवेअर वापरू नये, हे लिनक्सकडे जाण्याचे माझ्या मते पैशांपेक्षा मोठे कारण आहे. झेरॉक्सच्या दुकानातून येणाऱ्या पेनड्राइव्हमधले शॉर्टकट व्हायरस लिनक्सवर चालत नाहीत, ही सुटका वेगळीच.

ज्यांचे परवाने रीतसर आहेत त्यांना घाई करण्याचे कारण नाही. मायक्रोसॉफ्टच्या शैक्षणिक परवान्यांवर असलेल्या संस्थांना विंडोज १०ची वाढीव सुरक्षा अपडेट्स पहिल्या वर्षी एका संगणकामागे १ डॉलर, दुसऱ्या वर्षी २ आणि तिसऱ्या वर्षी ४ डॉलर अशा दराने ठेवलेली आहेत. म्हणजे ऑक्टोबर २०२८पर्यंतचा वेळ विकत मिळतो, आणि तो फाइली नीट करायला पुरेसा आहे. ज्यांना हे शक्य नाही त्यांनी आधी संगणक कक्ष लिनक्सवर न्यावा, कारण तिथे जुने दस्तऐवज नसतात. कार्यालयाचे संगणक थांबू द्यावेत. तोवर त्यांच्यावर अनोळखी पेनड्राइव्ह लावणे बंद करावे आणि फाइलींची प्रत दर आठवड्याला वेगळ्या डिस्कवर घ्यावी.

येत्या सभेत हा विषय असेल तर त्या सभेला लिपिकाला बोलवा, अशी विनंती आहे. ठराव करणाऱ्यांत बहुधा दाखला टाइप करणारे कुणी नसते. त्यांच्याकडे एकच काम सोपवा : कार्यालयातल्या संगणकांवर कुठल्या फाँटात काय काय आहे, कुठली फाइल महिन्याला उघडते आणि कुठली वर्षातून एकदा, याची यादी. ती यादी हातात आल्यावर कोणते लिनक्स आणि किती संगणकांवर यावर बोलू. तोवर एकही हार्ड डिस्क पुसू देऊ नका.

आपला नम्र,
शाळांचे संगणक सांभाळणारा एक कार्यकर्ता